चार नंबरच्या टाकीची हजेरी

३ जून
बुटीबोरीच्या कापडगिरणीत आज रुजू झाले. प्रताप नगरहून कंपनीची बस थेट दारातून उचलते, खिडकीची जागाही मिळाली, म्हणजे मजाच! काम सोपं: रंगखात्यातल्या चार नंबरच्या वाफेच्या टाकीचा जुना कॉम्प्युटर सांभाळायचा. तो सुरू होताना वाफेच्या झडपेचा ड्रायव्हर, म्हणजे झडप उघडणारा प्रोग्राम, स्वतःहून घेत नाही. बूट लोडरच्या, म्हणजे चालू होतानाच्या काळ्या पडद्यावर थांबून त्याचं नाव हातानं टाइप करावं लागतं. ड्रायव्हर चालू झाला की टाकीत वाफ सुटते. उद्या निवृत्त होणारे महादेवराव आधी टाकी धुणाऱ्या तिघींची नावं पुकारतात, बाहेरून तीन ‘ओ’ आले की मगच टाइप करतात. मला हसू आवरेना.

५ जून
महादेवराव निवृत्त होऊन गावी गेले आणि मी ड्रायव्हरचं नाव सुरुवातीच्या फाइलीत लिहून टाकलं. आता दहा सेकंदांत सगळं आपोआप. स्वतःवर बेहद्द खूश. त्या तिघींतल्या, पहिल्याच दिवशी आपली अर्धी भाकर मला देणाऱ्या प्रेमिलाताई मात्र विचारत होत्या, हजेरी काहून नाही घेतली वं पोरी? मी टाळलं.

८ जून
कॉम्प्युटर सुरू होताना अडकला. पडद्यावर: टाकीत वजन ५२ किलो. तिघी तर बाहेर चहा पीत होत्या. टाकी उघडली, रिकामी. फाइलीतली ओळ पुसली, तरी ड्रायव्हर आला. ड्रायव्हरच पुसला. तरी आला. भीती वाटते आहे, खोटं कशाला बोलू.

९ जून
महादेवरावांना त्यांच्या गावी, कुहीला फोन केला. आधी चिडले. मग म्हणाले, त्यांच्याही आधी एकदा हजेरी चुकली, टाकी धुणारी बायजाबाई आतच राहिली अन् वाफ सुटली. तेव्हापासून नावं नाही घेतली तर ती दुसरीच्या नावानं ओ देते, अन् त्या दुसरीले आत ठेवते.
लगेच नावं पुकारली. तीन नावं. चार ‘ओ’. प्रेमिलाताईंचे दोन.
मॅनेजर काम थांबवायला तयार नाहीत.

१० जून, सकाळचे नऊ
टाकीचं दार बंद. आतून प्रेमिलाताई ओरडताहेत, वाफ नको सोडू वं पोरी. आणि प्रेमिलाताई माझ्या शेजारीही उभ्या — म्हणताहेत, टाक ना वं, मी त इथंच आहो. बाकी दोघी पळाल्या.
लोडरची दहा सेकंदं बोटानं कळ दाबून अडवली आहेत — सोडलं की ड्रायव्हर चालू होईल, वाफ सुटेल. स्विच पायानं बंद केला, पडदा तसाच. दाराचं चाक दहा पावलांवर. डाव्या हातानं लिहिते आहे, कोणीतरी —
हजेरी मी बंद केली. मीच.
शेजारचीनं माझ्या हातावर हात ठेवला. कढत — चटका —
म्हणजे खऱ्या आत —
ती माझं बोट हळूच उच—