सकाळची बादली

३ नोव्हेंबर, सोमवार

उडी आहे! तीनदा तपासलं.

नकाशावर कोची आणि बेटांच्या मधला माझा चौकोन, माझ्या अभ्यासाचा. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान तिथे चाळीस वर्षं चढतंय — हळूहळू, जसं चढायला हवं तसं. पण २००३ मध्ये एका जहाजाच्या नोंदी एकदम ०.४ अंशांनी वर जातात. फक्त सकाळच्या. संध्याकाळच्या जागच्या जागी. उडीच्या आधी अडीच महिने नोंदीच नाहीत.

आणि ते जहाज बाबांचं.

माल-जहाजावर सेकंड ऑफिसर असताना दिवसातून दोनदा बादलीने पाणी वर ओढायचं, थर्मामीटर बुडवायचा, वहीत लिहायचं — हे त्यांचं वरकड काम. मला नोएडात नोकरी लागली तेव्हा म्हणाले होते, "माझ्या वह्या आता तुझ्या ताब्यात!"

४ नोव्हेंबर

धीरज सर — "एक जहाज़ हटा दो ना यार, किस्सा ख़तम. इक्कीस को पेपर भेजना है, स्वरूपा."

हटवलं तर अठरा वर्षं माझा चौकोन जवळजवळ रिकामा. ठेवलं तर वाढ खोटी फुगते. दोन्ही नको.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची. बाबा समुद्रावर. तिसरीपर्यंत कुसुमआत्यानं घरीच शिकवलं. घरात खोडरबर नव्हतंच. "खोडायचं तर एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे." आणि कशामुळे खोडलं तेही शेजारी लिहायचं.

कारण सापडेपर्यंत एकही नोंद काढणार नाही. ठरलं.

६ नोव्हेंबर

जेवताना बाबांना विचारलं.

"थर्मामीटर बदलला होता?" — "नाही."

"बादली?" — "तीच. कॅनव्हासची. टाके मीच घातलेले."

मग जे विचारायला नको होतं ते विचारलं. कधी अंदाजानं लिहिलंत का?

घास ताटात ठेवला त्यांनी. "आत्यानं हेच शिकवलं वाटतं? बापाची झडती घ्यायला?"

७ नोव्हेंबर

बाबा बोलत नाहीत. चहा ठेवून गेले. बिस्किटं नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार

अंदाजानं लिहिणाऱ्याचा हात शून्य आणि पाचावर जास्त जातो. बाबांच्या प्रत्येक नोंदीचा शेवटचा आकडा मोजला — साडेअकरा हजार नोंदी! सगळे आकडे सारखे विखुरलेले. आधीही, नंतरही. एकही मनाचा नाही.

उगाच जाऊन घासलेली भांडी परत घासली. मग त्यांना सांगितलं.

"म्हणजे पास झालो?"

"झालात."

"मार्क किती?"

१२ नोव्हेंबर

मी उलटं बघत होते! नंतरच्या नोंदी जास्त नाहीत, आधीच्या कमी आहेत. आसपासच्या दोन-तीन जहाजांशी नंतरच्याच जुळतात.

कॅनव्हास पाझरतं. वारा लागला की पाणी गार होतं, माठातल्यासारखं. म्हणजे २००३ च्या आधी, फक्त सकाळी, बादली भरून नुसती उभी राहत होती.

बाबांची ती बादली घरातच आहे, कांदे ठेवतो तिच्यात. कांदे काढले, पाणी भरलं, बाल्कनीत टेबलफॅनसमोर टांगली. समोरच्या आंटी — "बेटा, टंकी में फिर गड़बड़?"

बाबा दारातून बघत होते. "पंखा दोनवर ठेव. तीनवर म्हणजे वादळ."

सहा मिनिटांत ०.४!

१३ नोव्हेंबर

"बाबा, सकाळी पाणी वर आल्यावर सहा मिनिटं काय व्हायचं?"

"अर्घ्य." पहिली ओंजळ सूर्याला. मग डोळे मिटून अख्खं स्तोत्र. मग थर्मामीटर. "देवाआधी आकडा कसा घेणार?"

इतकी हसले की तेही हसले. एवढा काटेकोर माणूस — आणि रोज सकाळी समुद्र गार करत होता!

दुरुस्ती करून पाहिली. वाढ दर दशकाला ०.१९ नव्हे, ०.१५. कमी झाली, पण आता ती पक्की आहे. समुद्र तापतोच आहे.

१४ नोव्हेंबर

सर खूश. पण — "बंद कब हुआ? और क्यों? रिव्ह्यूअर पूछेगा. कुछ लिखित चाहिए."

बरोबर आहे त्यांचं. मीही विचारलंच असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

बाबांना विचारलं, अर्घ्य का सोडलंत?

"तारीख देतो. बाकीचं तुझ्या तक्त्यात मावत नाही."

मास्क न लावताच फिरायला गेले. अशा हवेत!

१८ नोव्हेंबर

डब्याशेजारी कागद ठेवला होता. त्यांचं ते सरळ अक्षर, खाली सही. "२८ ऑगस्ट २००३ नंतर मी सूर्याला अर्घ्य दिलेले नाही. पुढील सर्व नोंदी पाणी वर येताच वाचलेल्या आहेत."

आईचं श्राद्ध आम्ही तिथीनं करतो. भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. इंग्रजी तारीख मला कुणी कधी सांगितली नव्हती, मीही विचारली नव्हती. मेट्रोत बसून फोनवर त्या वर्षीचं पंचांग उघडलं. २८ ऑगस्टपुढे तीच तिथी.

साल तर पहिल्या दिवसापासून समोर होतं. मी आकडा म्हणून बघत होते.

कारणाच्या रकान्यात लिहिलं — 'निरीक्षकाची सवय बदलली.' एवढंही खरंच आहे.