गॅलरीच्या टोकापर्यंत

लालबाग, १९५६

धनी,
पायांवर डोकं ठेवते.

तुम्ही सत्याग्रह करून तुरुंगात गेलात तेव्हापासून सासूबाई वाळत चालल्यात. डॉक्टर सुई टोचतो, वैद्यबुवा काढा देतात, शेजारच्या गंगूबाई पेज भरवतात. ज्याला त्याला आपलंच औषध खरं वाटतं. एकमेकांशी कुणी बोलेल तर शपथ! मी नुसती दारातून चुलीकडे आणि चुलीकडून दारात करते.

आज सासूबाईंना काढा खाटेखालच्या तस्तात ओतताना पकडलं. पाणीसुद्धा तिथेच ओततात. चिडून विचारलं तर रडायला लागल्या.

"प्यालंय की जावचा लागता गो. संडास गॅलरीच्या टोकाक. पहाटे माझो लवू पाठीवरना न्हेय होतो. आता कोण न्हेतलो?"

पहाटे मी नळावर असायची. तुम्ही कधी बोलला नाहीत.

मी पाठ पुढे केली. त्या बसेनात.

"पोटुशी तू. तुझ्या पाठीर बसू मी?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी ओळखलं.

शेवटी गंगूबाईंना सगळं सांगितलं. त्या पदर खोचून म्हणाल्या, "एवढंच ना? आधी बोलायचं!" त्यांनीच उचलून नेलं. परत आल्यावर सासूबाई तांब्याभर पाणी प्यायल्या.

हे पत्र टाकणार नाही. वाचलंत तर माफी लिहून देऊन घरी याल. तसं आलेलं मला चालायचं नाही, असं सकाळपासून मनाला बजावतेय. आणि गॅलरीत पाऊल वाजलं की दाराशी धावतेय.

तुमची
द्वारका