पूल कोठून कोठे

५ फेब्रुवारी २००६, रविवार. सकाळी ७.३०
अनंतचा अमेरिकेहून फोन. सृष्टी म्हणे मासोळीसारखी पोहते. पाच वर्षांची नात, अजून फोटोतच पाहिली आहे. मे महिन्यात घेऊन ये म्हटलं, तर म्हणाला, बाबा, बघू. म्हणजे नक्की. सौ. वासंतीचं मत, बघू म्हणजे नाही. तिला पॉझिटिव्ह थिंकिंग माहीतच नाही.
ठराव: मेच्या आत सोसायटीत स्विमिंग पूल. चेअरमन मीच आहे, अवघड काय?

१२ फेब्रुवारी
मीटिंग. हजर: मी आणि तळमजल्यावरचे शरच्चंद्र. ते म्हणाले, माझ्या खिडकीसमोर सोडून मांजरी गावात कुठेही करा. विरोध नाही अशी नोंद केली. पार्किंगमागे फक्की टाकून आखणीही केली.
वासंती म्हणते, टँकर दिवसाआड येतो, आधी प्यायच्या पाण्याचं बघा.

१ मार्च
परवानगीचा अर्ज दिला. ‘पोहण्याचा तलाव’ असं स्वच्छ लिहा, इति वासंती. तलावात म्हशी डुंबतात. मी ठळक लिहिलं: ‘सोसायटीत पूल बांधणेबाबत.’ तीस वर्षं सरकारी नोकरी उगाच नाही केली.

२० मार्च
नातीसमोर काठावर उभं राहणं बरं दिसणार नाही. पोहायला शिकणार. बादलीत तोंड बुडवून श्वास रोखला. अकरा सेकंद. वासंतीने बादली काढून घेतली, आज टँकर नव्हता.

२ एप्रिल, रविवार
फोन नाही. लाइन बिझी असेल. टँकर रिव्हर्स घेताना आखणी पुसली. पुन्हा टाकू.

१८ एप्रिल
कचेरीतून फॉर्म आला! प्रश्न मात्र विचित्र: ओढ्याचे नाव, पुराची पातळी, बैलगाड्यांची वर्दळ. शरच्चंद्र वाचून म्हणाले, अहो, आपला अर्ज नदीनाल्यांच्या टेबलावर गेलाय. क्लार्कचं इंग्रजी कच्चं, दुसरं काय?

३० एप्रिल, रविवार
फोन आला. अनंतने तिकडे घर घेतलं. मागे स्वतःचा पूल आहे. त्यामुळे यंदा जमणार नाही, पुढे बघू म्हणाला. सृष्टीशी बोललो. तिला माझं मराठी कळेना, तिने फोन बाबाला परत दिला.
वासंतीने चहा ठेवला. मला फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय?
फॉर्मची परवा शेवटची तारीख. एकच रकाना राहिलाय: ‘पूल कोठून कोठे जाणार?’ कोठून, तिथे मांजरी लिहिलं. पुढचं लिहायला पेन उचललं, तेव्हा लक्षात आलं. अनंतच्या नव्या घराचा पत्ता विचारायचा राहिला. त्यानेही सांगितला नाही.