पेंबर्टन तळ्याकाठी दोन दिवस, होडीसह

कॅमेरन्स वेल,
सोमवार, दुपारचा चहा झाल्यावर

ती. डोरीनताईस,

धाकट्या क्लॅरीचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण इथे जमिनीवर आडवं झालेल्या माणसाला मुंग्या सोडत नाहीत, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घे. गुडघा कसा आहे? ॲडलेडच्या डॉक्टरने दिलेला पट्टा लावतेस, की कपाटात घडी करून ठेवलायस? भावोजींचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. मी ठणठणीत. एकसष्टावं लागलं, तरी दिवसाला दहा तास कच्चे रस्ते सपाट करायचा ग्रेडर चालवतो, आणि माझ्या पात्याखालून निघालेल्या रस्त्यावर अंडं ठेवलं तर घरंगळत नाही. (हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. म्हणजे एका ट्रकवाल्याने एकदा म्हटलं होतं.)

पत्र लिहायला विशेष कारण काही नाही. सहज आठवण झाली. पेंबर्टन तळ्यात पाणी आलंय, हे तू रेडिओवर ऐकलंच असशील. उत्तरेकडे पाऊस झाला, नद्या वाळूतून तीन आठवडे रांगत आल्या आणि अकरा वर्षांनी तळं भरलं. आता भरलं म्हणजे काय, तर गुडघ्याइतकं. तुझ्या नव्हे, धडक्या गुडघ्याइतकं. पण बघावं तिथवर पाणी, आणि त्यावर इतके पेलिकन की त्यांना बातमी कोण देतं याची चौकशी व्हायला हवी.

तर मी मुक्कामाला जायचं ठरवलं, आणि ईनिड कोवाल्डलाही चल म्हणालो. ईनिड म्हणजे आमच्या इथला पेट्रोल पंप, दुकान, टपाल आणि गावातलं एकमेव शहाणपण, सगळं एकाच काउंटरमागे बसवलेली बाई. (मागच्या नाताळात तू फोनवर जिच्याशी पाऊण तास बोललीस आणि मला दोन मिनिटं दिलीस, तीच.) दुकान तिने विकलंय. या शुक्रवारी सामान न्यायला ट्रक येतोय, आणि ती पोर्ट लिंकनला बहिणीकडे कायमची राहायला जाणार आहे, समुद्राकाठी. जावो बापडी. तिचा प्रश्न. मला त्यात काय पडलंय? पण ती पंधरवड्यापूर्वी पोस्टाची पिशवी बांधता बांधता म्हणाली, 'सव्वीस वर्षं तळ्यापासून साठ किलोमीटरवर काढली, पण त्यात पाणी काही पाहिलं नाही.' आता यावर कुठलाही सभ्य माणूस जे करील तेच मी केलं.

बरं, तुझ्यापासून काय लपवायचं. तिला लग्नाचं विचारायचं ठरवलं होतं मी. पक्कं ठरवलं होतं. नऊ वर्षं रोज सकाळी तिच्या हातचा चहा पितोय, आणि शुक्रवारनंतर त्या काउंटरमागे दुसरंच कोणीतरी असेल या विचाराने मला जेवण जात नाही. बेत मी चोख आखला होता. पिकअपच्या टपावर पत्र्याची होडी बांधायची, संध्याकाळी ईनिडला तळ्याच्या मध्यावर न्यायचं आणि तिथे विचारायचं. मध्यावर अशासाठी, की तिथून बाईमाणसाला उठून निघून जाता येत नाही.

एकच अडचण होती. ईनिडची पाठ. मणक्यातली चकती सरकलीय, आणि तळ्याकडे जाणारा फाटा म्हणजे बत्तीस किलोमीटर पन्हळी पत्रा. त्यावरून गेलं की दातांत भरलेलं सिमेंट निघून येतं. तो फाटा आमच्या रस्तेखात्याच्या यादीत नाही. कुणाच्याच यादीत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात चार दिवस मी ग्रेडर तिकडे वळवला. साहेबांनी रेडिओवरून विचारलं, क्लॅरी, आहेस कुठे? मी म्हणालो, पात्याची चाचणी घेतोय. चाचणी उत्तम झाली. मी असा रस्ता आयुष्यात केला नव्हता, ताई. दोन्ही कडांना उतार असा दिलाय की बघत राहावं.

शनिवारी निघालो. फाट्यावर वळलो तशी ईनिड ताठ बसली. काचेतून पुढे बघितलं, मागे बघितलं, मग विचारलं, 'हा कुणी केला?' मी म्हणालो, सरकारने. ती म्हणाली, 'कुठल्या?' त्यावर मी पेलिकनांचा विषय काढला. पुढचे तीस किलोमीटर तिच्या हातातला चहाचा पेला काठोकाठ भरलेला होता आणि थेंबही सांडला नाही. मी तिरक्या नजरेने सारखा त्या पेल्याकडेच बघत होतो.

तळ्याच्या तोंडाशी डल्सीमावशी भेटल्या. तळं त्यांच्या लोकांचं, इथल्या मूळ रहिवाशांचं. कुणी कुठे तंबू ठोकायचा आणि गाडी कुठवर न्यायची हे त्या सांगतात आणि माणसं ऐकतात. मला म्हणाल्या, 'क्लॅरी, पाणी बघायचं तर आजच बघून घे. रात्री दक्षिणेचा वारा सुटेल.' मी म्हणालो, मावशी, मला वाऱ्याचं शिकवता? त्या म्हणाल्या, 'शिकवत नाही रे बाबा. सांगतेय.' आणि हसत निघून गेल्या.

संध्याकाळ फार देखणी होती. पाणी गुलाबी, आभाळ गुलाबी, ईनिडच्या तोंडावरच्या जाळीवर बसलेल्या माशासुद्धा गुलाबी. होडी उतरवली. तेव्हाच विचारायला हवं होतं, असं तू म्हणशील. पण मी म्हटलं, घाई कशाला? सकाळी पाणी आरशासारखं असतं. शिवाय राखेत भाजायला ठेवलेला पाव करपत होता. तो खाल्ला, वळकट्या उलगडल्या, दोघं आपापल्या जागी झोपलो.

सकाळी उठलो तर तळं नव्हतं.

चेष्टा करत नाही. वाऱ्याने सगळं पाणी ढकलत उत्तर काठाला नेलं होतं, सहा किलोमीटर लांब. पेलिकनही त्याच्यामागून गेलेले. एक म्हातारा मागे राहिला होता, तोही चालत निघाला होता. आमची होडी चकचकीत चिखलात मधोमध बसलेली. ईनिड चहाचं डबडं हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, 'क्लॅरी, तळं कुठे ठेवलंस?' मी म्हणालो, दुपारपर्यंत येईल परत. (मला पूर्ण खात्री होती. अजूनही आहे.)

मग मी होडी पाण्याकडे ढकलायला गेलो. सहा किलोमीटर काही फार नाहीत. पण पाचव्या पावलाला मिठाचा पांढरा पापुद्रा फुटला आणि मी मांडीपर्यंत आत. ईनिड हलकी म्हणून पापुद्र्यावरून होडीपर्यंत पोचली, तिने वल्हं पुढे केलं, त्याला धरून मी होडीत आलो, उजवा बूट तळ्यात राहिला. ती ओढताना मला शिव्या देत होती आणि पाठीला हात लावत होती. मग पाठ आखडली म्हणून तीही होडीतच बसली. असे आम्ही दोघं चिखलात, होडीत, डोक्यावर ताडपत्री धरून, तोंडावर जाळ्या ओढून समोरासमोर बसलो. तितक्यात काठावर डल्सीमावशींची गाडी येऊन थांबली. त्यांनी खिडकीतून हाक मारली, 'क्लॅरी, गळाला काही लागलं का?' मी म्हणालो, बघतोय. त्या म्हणाल्या, 'बघत बस. फळ्या घेऊन येते.'

फळ्या यायला पाऊण तास लागला, आणि तेवढ्यात मी काम उरकलं. बावरलो नाही, अडखळलो नाही. अगदी स्वच्छ शब्दांत म्हणालो, 'ईनिड, माझ्याकडे पावसाच्या पाण्याची टाकी बावीस हजार लिटरची आहे. एकट्या माणसाला ती संपत नाही.' ती म्हणाली, 'बरं.' मी म्हणालो, 'पूर्वेला व्हरांडा आहे. सकाळी सावली नसते, पण दुपारी असते.' तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. जाळीतून नीट दिसलं नाही, पण डोळे पाण्याने भरल्यासारखे वाटले. (माशा असतील.) म्हणाली, 'अजून काही?' मी म्हणालो, एवढंच. इतकं सगळं सांगितल्यावर माणसाने आणखी काय सांगायचं?

उत्तर तिने अजून दिलेलं नाही. एक अख्खा दिवस झाला. बायका विचार करायला वेळ घेतात, हे मला ठाऊक आहे, त्यामुळे मी निश्चिंत आहे. भावोजींना नमस्कार. पट्टा लाव.

तुझा,
क्लॅरी

ता. क. : शुक्रवारच्या आत तू तिला एक फोन करशील का? मी सांगितलं असं म्हणू नकोस. ती तुझं ऐकते. माझ्याबद्दल तीन चांगल्या गोष्टी सांग. तीन सुचल्या नाहीत तर दोन सांग, पण ठासून सांग. मला खरंच झोप नाही, ताई.

ता. क. २ : हे पत्र तिच्याच काउंटरवर टाकावं लागणार, कारण दुसरं पोस्ट दोनशे किलोमीटरवर आहे. पण ती लोकांची पत्रं वाचत नाही. फार सरळ बाई आहे.

डोरीनताई, मी ईनिड. इथल्या उन्हात पाकिटाचा डिंक टिकत नाही, पत्र आपोआप बाहेर आलं, आणि माझं नाव दिसल्यावर मी वाचलं. त्याबद्दल क्षमा करा. फोन करायची गरज नाही. ट्रकवाल्याला मी त्या फाट्यावरून परत आल्याबरोबर नको म्हणून कळवलं. उत्तर मी केव्हाच ठरवलंय, पण तुमच्या भावाने मला काही विचारलेलंच नाही. टाकी किती लिटरची ते मात्र चारदा सांगितलं. पत्र देऊन तासभर झाला, तो अजून बाहेर बाकावर बसलाय. काही हवंय का म्हटलं तर म्हणतो, काही नाही, वारा बघतोय. त्याच्या हातून हे व्हायचं नाही. थांबा, मीच जाऊन येते.

जाऊन विचारून आले. हो म्हणाला. लगेच म्हणाला, आणि मग रडला. ते मी तुम्हाला लिहिलंय हे त्याला कळू देऊ नका.

— ईनिड