बारा ताडपत्र्या आणि जाऊबाईंचा सेल

सोलापूर,
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

ती. अक्का,

संक्रांतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी कान धरते. (रोजनिशी मात्र रोज लिहिली, म्हणजे वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? अकलूजला ऊन किती आहे? इथलं विचारू नकोस; पण याच उन्हाच्या जिवावर आमच्या चांगुणा जाऊबाईंनी दुकान वाचवायचं ठरवलंय.

आमच्या किराणा दुकानासमोर मोठं एसी दुकान आलं आणि वर्षाचं धान्य भरणारी गिऱ्हाइकं तिकडे वळली. अक्षय्य तृतीयेला आपणही साठवणीचा सेल लावू, एवढं ठरलं. मी एम.कॉम. असल्याने (दुसऱ्या वर्गात, तेही सांगायला हवं) सवलतींचे चार तक्ते केले. सातवी शिकलेल्या जाऊबाईंनी ते नीट पाहिले, घडी करून ठेवले आणि म्हणाल्या, "उत्कर्षा, स्वस्त त्यो समोरचा बी दील की. फ्लॅटातल्या बायांना गहू वाळवायला गच्ची कुटं हाय?" वर्षाचा गहू आमच्याकडून घ्या, आमच्या गच्चीवर वाळवून, एरंडेल चोळून घरपोच देऊ, ही त्यांची योजना. अट एकच, गहू पसरायला आपली जुनी साडी आणायची. ही कल्पना मला का सुचली नाही, यावर मी रोजनिशीची तीन पानं खर्च केली.

शुक्रवारी बारा घरांच्या गव्हावर रंगीत तालीम ठेवली. जाऊबाई सकाळी कामाला मंद्रूपला गेल्या आणि मी शहाणपणा केला. विरलेल्या साड्या गच्चीवर बऱ्या दिसणार नाहीत (कोणाला? समोरच्या दुकानाला?), म्हणून त्या परत पाठवून बारा नव्या निळ्या ताडपत्र्या आणल्या, सगळ्या एकसारख्या, आणि प्रत्येक ढिगावर नावाची चिठ्ठी ठेवली. दुपारी वावटळ आली. चिठ्ठ्या होटगीच्या दिशेने गेल्या. उरले बारा बिननावाचे ढीग. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की साडी नुसती पसरायला नव्हती. स्वतःची साडी कोणती बाई ओळखणार नाही?

जाऊबाई आल्या, पण ओरडल्या नाहीत. (ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.) ढिगाढिगाशी बसून, गहू तळहातावर घेऊन, कोणी लोकवन घेतला, कोणी किती घेतला हे आठवत त्यांनी दहा ढीग लावून दिले. दोन राहिले, अगदी जुळे. एक गल्लीतल्या सोजरबाईंचा, एक फ्लॅटातल्या ऋतुजाचा. मी हळूच म्हटलं, कोणताही कोणालाही दिला तरी कळणार नाही.

"त्यास्नी न्हाय कळणार. आपल्याला कळंल की," म्हणाल्या, आणि दोघींना वर बोलावून घेतलं. "आमच्या हातनं चूक झाली. कुटला कुनाचा, मला सांगता येत न्हाय. नको असंल तर नवा गहू देते."

सोजरबाईंनी कमरेवर हात ठेवले. "काय गं चांगुणे, म्हातारी झालीस व्हय? उद्या लेकरं बी बदलून देशील!" ऋतुजाने लाजून मान हलवली, मला कोणताही चालेल. मग सोजरबाईच हसल्या, डावीकडचा ढीग भरायला सांगितला आणि चांगुणा लबाडी करत न्हाय, हे गल्लीभर सांगत सुटल्या. कालपर्यंत चौतीस घरांनी सेलसाठी नाव दिलंय. माझ्या चार तक्त्यांत "खरं सांगणे" हा रकाना कुठेच नव्हता.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
उत्कर्षा

ता.क. तुमच्या शेतावर ताडपत्र्या लागतात का? बारा आहेत, एकदाच वापरलेल्या. (पत्र मुख्यतः यासाठीच होतं, लपवत नाही.)

आणखी एक ता.क. वर वावटळ लिहिलंय. खरं तर साधी झुळूक होती. चिठ्ठ्यांवर दगड ठेवायचे राहिले, कारण मी खाली बसून या योजनेची नोंद रोजनिशीत करत होते. "आमच्या हातनं" असं जाऊबाई म्हणाल्या तेव्हा मी शेजारीच उभी होते, तोंड शिवल्यासारखी. गल्लीत अजून "चांगुणा म्हातारी झाली" अशी त्यांचीच चेष्टा चालू आहे.

उद्याचं काम: सोजरबाईंकडे जाऊन चूक कोणाची ते सांगणे.