हळू फिरणारा रेकॉर्ड प्लेयर कोणाकडे जावा

मी, या घराचा आणि खालच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही मागे लागलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी माझं हृदय तपासून तोंड पाडलं. डोकं तपासायची त्यांना गरज वाटली नाही, त्यावरून ते ठीक असावं. याआधी मी असा कागद केलेला नाही. वकीलबाईंनी मजकूर आटोपशीर ठेवायला सांगितलं आहे आणि मी तसा प्रयत्न करीन.

१. घर, दुकान आणि बँकेत जे काही उरलं असेल ते सर्व माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावं. ती डबल बास वाजवते, म्हणजे स्वतःपेक्षा उंच वाद्य पाठीवर घेऊन जिने चढते. घर विकावंसं वाटलं तर तिने खुशाल विकावं. नवी जागा मात्र लिफ्टची घ्यावी.

२. भिंगं घासायचं यंत्र, मापाच्या भिंगांची पेटी आणि सर्व हत्यारं कोपऱ्यावरच्या चष्मेवालीला द्यावीत. तिने माझी निम्मी गिऱ्हाइकं पळवली, आणि मी तिच्याविषयी गल्लीत जे बोललो ते सगळं तिच्या कानावर गेलेलं आहे. पण ती गिऱ्हाइकाला "हे बरं की मघाचं?" असं विचारते आणि उत्तर ऐकून घेते. माझ्या धंद्यात एवढं पुरतं.

३. पुतण्याने माझी एक रेकॉर्ड नेऊन तिच्यावर जॅम सांडला आणि ती गुपचूप कव्हरात घालून परत केली. ती रेकॉर्ड त्याला द्यावी. बाकी त्याचा माझ्या मिळकतीवर हक्क नाही.

४. जॅझच्या उरलेल्या सगळ्या रेकॉर्डी आणि नवा रेकॉर्ड प्लेयर मुलीचा. यातून एक रेकॉर्ड वगळली आहे, तिचं पुढे येईल. ओळखीसाठी सांगतो: पिवळ्या दाराच्या कव्हरची रेकॉर्ड उत्साह हवा तेव्हा लावावी, रिकाम्या खुर्च्यांची कोणी भांडून गेल्यावर. ओल्या छत्रीची पहिली बाजू मला कधीच कळली नाही, पण दर वेळी वाटतं की आज कळेल. तिने ती माझ्या वतीने ऐकत राहावी. रेकॉर्डी कपाटात जपून ठेवू नयेत. झिजल्या तर झिजू द्याव्यात.

५. आता जुना रेकॉर्ड प्लेयर. हे कलम लांबणार आहे, वकीलबाईंनी तोवर चहा घ्यावा.

हा प्लेयर माझ्या मेहुण्याने, म्हणजे माझ्या दिवंगत बायकोच्या धाकट्या भावाने, घर मोडून मायदेशी निघालेल्या एका परदेशी कुटुंबाकडून आणला. मेहुणा घड्याळजी आहे. त्याने तो उघडला, पुसला, तेल घातलं, आणि दर गुरुवारी दुकानं बंद झाल्यावर तो, मी आणि बायको असे आम्ही तिघं मागच्या खोलीत ऐकायला बसू लागलो. ज्याची पाळी असेल त्याने कव्हर न दाखवता एक बाजू लावायची, बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, मग हवं तेवढं भांडायचं. भांडणाचा विषय एकच. जॅझ अजून जिवंत आहे का?

मेहुण्याच्या मते ते कधीच संपलं होतं. "भावजी, जुनी माणसं एकेका सुरावर बैठक मारायची. आताची पोरं मागे कुत्रं लागल्यासारखी धावतात." मी म्हणायचो, अरे, जाऊन ऐक तरी. तो जायचा. फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात भाचीचा, म्हणजे माझ्या मुलीचा, बँड ऐकून यायचा आणि म्हणायचा, "पोरगी गुणी आहे, पण घाई बघा किती." बायको आम्हा दोघांनाही गप्प करायची, तिची आवडती, पाठमोऱ्या माणसाच्या कव्हरची रेकॉर्ड लावायची आणि सोबत गुणगुणत बसायची.

काही गोष्टी जुळत नव्हत्या, हे खरं. प्रत्येक तुकडा कव्हरवर छापलेल्या वेळेपेक्षा लांबायचा. आम्ही छापखान्याला नावं ठेवली. पाठमोऱ्या माणसाच्या हातात लहान सॅक्सोफोन होता आणि ऐकू यायचा मोठ्याचा घोगरा आवाज. फोटो भलत्याच दिवशी काढला असणार, यावर आमचं तिघांचं एकमत होतं. आमचं असं एकमत क्वचितच व्हायचं, म्हणून त्याचा जरा अभिमानही होता.

बायको गेल्यावर मुलगी माझ्या सोबतीला राहायला आली. एका गुरुवारी ती जुन्या प्लेयरसोबत वाजवायला बसली आणि मध्येच थांबली.

"बाबा, हे शक्य नाही. माझी सगळ्यात जाड तार जिथे संपते, त्याच्याही खाली हा रेकॉर्डवरचा बासवाला वाजवतोय. तिथे सूरच नाहीये."

मेहुणा समोर बसला होता. त्याने खिशातलं घड्याळ काढलं, रेकॉर्डच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि फेरे मोजले. त्याचा चेहरा पडला. प्लेयरची मोटर त्या परदेशी कुटुंबाच्या देशातल्या विजेसाठी बनवलेली होती. आपल्या विजेवर ती सहा पावलांच्या जागी पाच टाकत होती. म्हणजे आम्ही ऐकलेली प्रत्येक रेकॉर्ड खऱ्यापेक्षा संथ होती आणि सूर खाली उतरलेला होता.

मुलीने नवा प्लेयर आणला. आम्ही पाठमोरा माणूस लावला, आणि तो धावत सुटला. अवखळ, थट्टेखोर, मुलीच्या बँडपेक्षाही घाईत. मला हसू आवरेना. ही माणसं तेव्हा माझ्या मुलीच्याच वयाची असणार, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. किती नवं ऐकायचं राहिलंय असं वाटून मला फार आनंद झाला, आणि त्या आनंदात मेहुण्याकडे पाहायचं राहून गेलं. तो उठून उभा होता.

"मी घड्याळजी आहे, भावजी. माझ्या नाकासमोर यंत्र मागे पडत होतं, आणि मी दुसऱ्यांना घाई करता म्हणत होतो." कोट घालून तो गेला. त्यानंतर एकाही गुरुवारी आला नाही. दोनदा दुकानात गेलो तर डोळ्याला भिंग लावून कामात असल्यासारखं दाखवत होता. चष्मेवाल्याला हे ढोंग ओळखू येतं.

यावर मी बराच विचार केला आहे. मेहुण्याला जे संगीत आवडायचं ते जगात कोणीच वाजवलेलं नाही. ते फक्त आमच्या मागच्या खोलीत होत होतं. मग ते खोटं म्हणायचं का? माझ्या बायकोचं गुणगुणणं त्याच संथ चालीवर बसलं होतं. नव्या प्लेयरवर मी ते आठवून पाहतो, तर ती मागे राहून जाते. मुलगी म्हणते, जॅझ जिवंत असण्याचा अर्थच हा, की कोणी तरी ते चुकीच्या वेगाने उचलून आपलं करतं. मेहुण्याला हे पटणार नाही. तो काय उत्तर देईल हे ऐकायची मला फार इच्छा आहे. मला तो परत यायला हवा आहे, एवढंच या कलमाचं तात्पर्य.

सबब, जुना रेकॉर्ड प्लेयर आणि पाठमोऱ्या माणसाची रेकॉर्ड माझ्या मेहुण्याला मिळावी. अट एकच, त्याने प्लेयर दुरुस्त करू नये. एका घड्याळजीकडे ही अट घालणं क्रूर आहे, मला ठाऊक आहे. त्याने नाकारलं तर दोन्ही वस्तू भंगारात द्याव्यात, कारण दुसऱ्या कोणाला त्यांचा उपयोग नाही.

पुरवणी, सहीच्या दिवशी लिहिलेली. साक्षीदारांच्या जागी एक अक्षर खोडलेलं दिसेल, त्याचा खुलासा. साक्षीला मी मुद्दाम मेहुण्याला बोलावलं होतं. मरणाच्या कागदाला तो नाही म्हणणार नाही, हे मला माहीत होतं. तो आला, दारापाशीच बसला, पेन उघडलं. वकीलबाईंनी त्याला विचारलं, "यात तुम्हाला काही मिळतंय का? साक्षीदाराला काही घेता येत नाही."

"मला काय मिळणार?" तो म्हणाला.

मी म्हणालो, "जुना प्लेयर."

त्याचं पेन कागदावर टेकलेलंच होतं, पहिलं अक्षर झालंही होतं.

"दुरुस्त करून?"

"आहे तसाच."

त्याने पेनला टोपण लावलं आणि वकीलबाईंना म्हणाला, "शेजारच्या शिंपीणबाईंना बोलवा. मला सही करता येणार नाही."

लिहून देणार: सही, चष्मेवाला
साक्षीदार: सही, शेजारची शिंपीण
साक्षीदार: सही, औषधाच्या दुकानाचे मालक
ठिकाण: राहत्या घरातली मागची खोली
दिनांक: ७ नोव्हेंबर, गुरुवार