शिवणीत सोडलेलं कापड

सोमवार, ३ मार्च

दुकानात गिऱ्हाईक आलं. नव्या शर्टाची बाही उसवलेली. कॉलरमागची चिठ्ठी दाखवून म्हणतो कसा, "तुमच्याच देशातला माल. दोन धुण्यांत बोंब!" बोंब तर होतीच. मी स्वतः रोज तिकडच्या नावाने बोटं मोडते. पण माझ्या सासूला मी नावं ठेवीन, हा कोण टिकोजीराव? बाही अशी शिवली की शर्ट फाटेल, शिवण सुटणार नाही!

मालकीण गालात हसत होती. भली बाई. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा माझं मशीन तिने कुणाला दिलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

नातीला तिकडे नोकरी लागली. डोंगरातल्या गावात नवीन हॉस्पिटल, नर्सांना शिकवायचं. "तिकडे आता खूप काही होतंय, आजी." म्हटलं, "माझ्या लग्नापासून ऐकतेय. होतंय, होतंय — अजून पाळणा काही हलला नाही!"

मुलगा ताटावरून उठला. "आम्ही तिथून निघालो ते हिला परत पाठवायला?"

शुक्रवार, ७ मार्च

मुलगा हळूच म्हणतो, "आई, तुझं ऐकते ती. तिकडे काय काय भोगलं, सांग तिला." सांगते की! सगळं तोंडपाठ आहे.

रविवार, ९ मार्च

सांगायला बसले. नळाला पाणी कधी येईल ते देवाला ठाऊक. कचेरीत जावं तर साहेब कायम चहाला. शेजारीण इतकी भोचक की भांडताना मला शब्द सुचला नाही तर भिंतीपलीकडून ती सुचवायची! नात हसून हसून लोळली.

मग बोलता बोलता निघालं — हाच मुलगा लहानपणी तापाने फणफणला, तेव्हा तीच भोचक बाई त्याला कडेवर टाकून अनवाणी डॉक्टरकडे पळाली होती. माझी ही मेली जीभ! अडवायला गेले आणि पोरीला घोड्यावर बसवून आले.

मुलगा दारात उभा. "शाबास, आई."

मंगळवार, ११ मार्च

बापाने पोरीशी अबोला धरलाय. ती माझ्याजवळ रडली. "तूच सांग आजी, जाऊ की नको?"

इकडच्यांनी मला गुडघा दिला, हातात पगार दिला, हिला शिकवलं. खाल्ल्या मिठाला मी जागेन. पण इकडे शिकवणाऱ्यांची रांग आहे, तिकडे शिकणाऱ्यांची. म्हटलं, "जा. नाही जमलं तर परत ये. हसेन तुला, पण जेवायला वाढीन."

शनिवार, १५ मार्च

डोंगरात थंडी मरणाची, म्हणून माझा जुना कोट काढला. देश सोडताना गल्लीतल्या शिंप्याने मला आणि माझ्या तरण्याताठ्या मुलाला एकाच कापडाचे शिवून दिले होते. नात खांद्यात रुंद. उसवला तर आत दोन्ही बाजूंना बोटभर कापड दुमडलेलं! इकडे शिवतात ते अगदी काठाला. माणूस वाढला की कपडा फेका.

शिंपी म्हणाला होता, "पोटभर खाल तिकडे, अंगाने भराल. आत सोय ठेवलीय." साऱ्या गल्लीचं कापड चोरायचा मेला. आमचं नाही चोरलं.

मुलाला हाक मारून दाखवलं. "माझा केव्हाच टाकून दिला," म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवार, ३० मार्च

नात गेली. कोट अंगावर चपखल. विमानतळावर मुलगा तिच्याशी चकार शब्द बोलला नाही. बॅग मात्र स्वतः उचलली आणि शेवटपर्यंत सोडेना.

बुधवार, ९ एप्रिल

तिचा फोन. पाणी गेलंय. साहेब चहाला गेलाय. "आणि आजी, शेजारीण बादली घेऊन दारात! लग्न का नाही झालं, विचारतेय!" दोघी हसलो. मुलगा कोपऱ्यात पेपर वाचत होता. फोन संपेपर्यंत पान उलटलं नाही.

शनिवार, १२ एप्रिल

मुलगा माळ्यावरून कोट घेऊन आला. टाकलेला तो! अंगात चढवला, पोटावर बटण लागेना.

"आई, हा सैल होईल का गं?"

कुठे निघालास, विचारलं नाही. म्हटलं, "श्वास सोड मेल्या, माप घेऊ दे."